‘एनी की’ शोधणाऱ्याची बाजू

संगणकाच्या पडद्यावर ‘प्रेस एनी की’ अशी सूचना आली आणि ती वाचून एका ग्राहकाने कंपनीला फोन लावला : ही ‘एनी’ नावाची की कीबोर्डवर नेमकी कुठे आहे? हा किस्सा ऐकलेला नाही असा आयटीवाला मिळणं कठीण. अनेकांना तो रचलेला विनोद वाटतो. तो रचलेला नाही. १ मार्च १९९४च्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये संगणक कंपन्यांच्या मदत-केंद्रांबद्दल एक वृत्तान्त छापून आला, त्यात तो आहे. त्याच वृत्तान्तात आणखीही मंडळी भेटतात. ‘फ्लॉपी आत घाला आणि दार बंद करा’ असं सांगितल्यावर फोन खाली ठेवून खोलीचं दार बंद करून आलेले गृहस्थ. बिघडलेल्या फ्लॉपीची प्रत पाठवा म्हटल्यावर तिची झेरॉक्स काढून टपालाने पाठवणारा ग्राहक. कागद पडद्यासमोर धरून फॅक्स पाठवू पाहणारा आणखी एक.

या किश्श्यांवर हसू येतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण त्या वृत्तान्तातली एक गोष्ट पुढे कोणी सांगत नाही. ‘एनी की’ विचारणारे फोन इतके येत होते, की सूचनाच बदलून ‘प्रेस रिटर्न की’ करावी का, याचा विचार कॉम्पॅक कंपनी करत होती. म्हणजे ज्यांच्या कानावर हा प्रश्न रोज पडत होता, त्यांना चूक आपल्या वाक्यात दिसू लागली होती. तीस वर्षं किस्सा फिरतो आहे तो अर्धाच.

त्या सूचनेकडे नीट पाहिलं तर ती खोटीही होती. शिफ्ट दाबा, कंट्रोल दाबा, कॅप्स लॉक दाबा. काहीच होत नसे. ‘कोणतीही’ की चालत नव्हती. ज्या कीबोर्डवर ‘एंटर’, ‘एस्केप’, ‘होम’, ‘एंड’ अशी नावं लिहिलेल्या कळा आहेत, तिथे ‘एनी’ हेही एका कळीचं नाव असेल असा अंदाज बांधणारा माणूस बुद्धू कसा ठरतो? समोर जे होतं त्यावरून त्याने सरळ तर्क केला होता.

हा अर्धा किस्सा आज प्रत्येक कार्यालयात राहायला आला आहे. मॉनिटरचं बटण बंद करून ‘कॉम्प्युटर बंद केला’ म्हणणारे साहेब. ‘फाइल कुठे सेव्ह केलीत?’ या प्रश्नाला ‘वर्डमध्ये’ असं ठाम उत्तर देणाऱ्या बाई. प्रिंट येत नाही म्हणून वीस वेळा बटण दाबणारा कारकून, आणि प्रिंटर जागा झाल्यावर बाहेर पडणाऱ्या वीस प्रती. डेस्कटॉपवरचं एक चिन्ह पुसलं गेलं म्हणून ‘इंटरनेट डिलीट झालं’ अशी तक्रार. चहाच्या वेळी हे किस्से रंगतात आणि त्यांचं सार एकच निघतं : सिस्टीम चांगली आहे, माणसं ढ आहेत. इंग्रजीत या निष्कर्षाला सांकेतिक नावंसुद्धा आहेत. ‘पेबकॅक’ म्हणजे अडचण कीबोर्ड आणि खुर्ची यांच्या मधोमध आहे. ‘आयडी टेन टी एरर’ रोमन अक्षरांत आणि आकड्यांत लिहून पाहिलं की ‘इडियट’ असं वाचता येतं. तक्रारदारासमोर त्याचीच टिंगल करण्याची ही भाषा आहे.

हे सार चुकीचं आहे. वापरणाऱ्याची चूक ही बहुतेक वेळा यंत्राविषयीची बातमी असते. तिच्यावर हसून सोडून देणारी आस्थापना ती बातमी फेकून देते, आणि नंतर तिची किंमत भरते.

ही बातमी वाचायला विमानवाले संगणकवाल्यांच्या फार आधी शिकले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरत आणि मग धावपट्टीवरच पोटावर आदळत. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप मिटायचे असत, पण त्याचा हात चाकं मिटणाऱ्या खटक्यावर जाई. अहवालात शेरा पडे : वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तेव्हा दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. उपाय साधा निघाला. चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराची. प्रवासी विमानांत चाकांचा खटका आजही चाकासारखाच दिसतो.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अशाच ४६० ‘वैमानिकांच्या चुकां’चा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत मोठा गट एका खटक्याऐवजी दुसरा ओढला जाण्याचा होता. ती माणसं निवडून घेतलेली, कसून तयार केलेली, जिवावर उदार होऊन उडणारी. त्यांना ‘ढ’ म्हणण्याची सोयच नव्हती, म्हणून खटक्यांकडे पाहावं लागलं. कारकुनाच्या बाबतीत ती सोय आहे, म्हणून पडद्याकडे कोणी पाहत नाही.

‘पण वैमानिकांचं सोडा, संगणकाची जाण असलेला माणूस असा अडखळत नाही,’ असं यावर म्हटलं जातं. त्याचं उत्तर १९८०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात चित्रित झालं आहे. ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कंपनीच्या नव्या कॉपिअरपुढे दोन माणसांना उभं केलं आणि त्यांची धडपड कॅमेऱ्यात टिपली. दोघांना कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रती काढायच्या होत्या आणि ते काही केल्या जमत नव्हतं. त्यांतले एक होते ॲलन न्यूएल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रवर्तकांपैकी एक, १९७५च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. दुसरे रॉन कॅप्लन, संगणकीय भाषाविज्ञानातले नामवंत. खुर्ची आणि कीबोर्ड यांच्या मध्ये याहून तल्लख माणूस बसवणं शक्य नव्हतं. सचमन यांचा निष्कर्ष असा, की यंत्र बनवणाऱ्याने गृहीत धरलेला क्रम आणि समोरच्या माणसाची त्या क्षणाची समजूत या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि माणूस कुठे अडला हे यंत्राला दिसत नाही. ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स’ हे त्यांचं पुस्तक १९८७ मध्ये आलं आणि या विषयात ते पायाभूत मानलं जातं.

आता आपल्याकडच्या टेबलांवर या. महसुलाशी संबंध आलेल्या कोणालाही एक्सेलच्या रकान्यात ७/१२ टाइप करून एंटर दाबायला सांगा. इंग्रजी आकड्यांत, भारतीय तारखेच्या मांडणीत, त्या जागी ‘०७-डिसें’ उमटतं. सातबाराचा डिसेंबर होतो. गट क्रमांक ५/३ असेल तर मार्चची पाच तारीख. पुसून पुन्हा ७/१२ लिहिलं की पुन्हा डिसेंबर, कारण रकान्याने आपण तारीख आहोत हे तोवर मनाशी पक्कं केलेलं असतं. बँक खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात. सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडचं जपून ठेवत नाही. यादी तयार करणारा कारकून हे पाहून आयटीवाल्याला हाक मारतो, ‘आकडे आपोआप बदलताहेत.’ आयटीवाला हसतो. आकडे आपोआप बदलत असतात.

याच रकान्यांनी जनुकशास्त्रज्ञांनाही चकवलं. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी संक्षिप्त नावं असलेल्या जनुकांच्या एक्सेलने तारखा करून टाकल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका आहेत. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं. शास्त्रज्ञ अडखळले तेव्हा नामकरणाचे नियम बदलले. कारकून अडखळला की त्याचा किस्सा होतो.

मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला याहून जास्त येतं, आणि त्याची नोंद इंग्रजीतल्या कुठल्याच विनोदात नाही. ज्या टंकलेखकाने टाइपरायटरवर मिनिटाला चाळीस शब्दांची मराठीची परीक्षा दिली, त्याची बोटं रेमिंग्टन मांडणीवर तयार झालेली. संगणक आला आणि त्याच्यापुढे इनस्क्रिप्ट ठेवला गेला. ही मांडणी १९९१च्या भारतीय मानकातली, आणि ती तर्कशुद्ध आहे यात वाद नाही. पण जुन्या बोटांना ती परकीच. त्यात फॉन्टचा गोंधळ. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरं आपापल्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. एका कार्यालयात टाइप केलेलं पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडलं, की ‘महोदय’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा बाजार भरे. जिल्ह्याहून आलेली फाइल उघडत नाही, चौकोन दिसतात, अक्षरं उलटीपालटी दिसतात, अशा तक्रारी करणाऱ्या माणसांना कित्येक वर्षं ‘तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही’ असं ऐकावं लागलं. त्यांना मराठी येत होतं, टंकलेखन येत होतं, पत्रव्यवहार तर आयटीवाल्याहून चांगला येत होता. बिघाड अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत होता आणि तो त्यांनी केलेला नव्हता.

पासवर्डचंही तसंच. मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड चिकटवणारी व्यक्ती हे मदत-केंद्रांचं आवडतं पात्र. पण दर नव्वद दिवसांनी नवा पासवर्ड, त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह, आणि जुना चालणार नाही, ही सक्ती कुठून आली? तिचं एक मोठं उगमस्थान म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेचं २००३च्या सुमाराचं मार्गदर्शन. त्याचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की तेव्हा लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने मार्गदर्शन बदललं : ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये. चिठ्ठी चिकटवणाऱ्या बाई चौदा वर्षं जे सांगत होत्या, ‘हे लक्षात राहत नाही हो,’ ते खरं ठरलं. त्यांची माफी मात्र कोणी मागितली नाही.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘प्रशिक्षण दिलं होतं. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी २००१ पासून आहे, सरकारी नोकरीत संगणकज्ञानाची अट आहे, वीस-वीस वर्षं झाली. सुताराला रंधा यायला हवा, तसा कारकुनाला संगणक यायला हवा.’ यायला हवाच. मुद्दाम न शिकणारे, दरवेळी ‘तूच करून दे’ म्हणून माउस पुढे सरकवणारे, शिकलो तर काम गळ्यात पडेल म्हणून अडाणी राहणारे लोक कार्यालयांत आहेत. त्यांच्या वाट्याचं काम शेजारच्या टेबलावर जातं, आणि बहुतेकदा ते सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या माथी बसतं. हा अन्याय आहे. चार मजल्यांच्या कार्यालयात एकट्याने धावणाऱ्या कंत्राटी आयटीवाल्याची चिडचिडही खरी आहे. त्याचं काम किती ‘तिकिटं’, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद केल्या यावरून मोजलं जातं. समजावून सांगण्यात गेलेला अर्धा तास कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

पण सुताराचा रंधा रात्रीतून बदलत नाही. त्याची मूठ उजवीकडून डावीकडे जात नाही, त्यावर सकाळी अचानक ‘तुमचं सत्र संपलं आहे’ असं उमटत नाही. प्रमाणपत्राच्या वर्गात वर्ड, एक्सेल, इंटरनेट शिकवतात. कार्यालयात समोर येतं ते खात्याचं स्वतःचं पोर्टल, डिजिटल सहीचं टोकन, ठरावीक ब्राउझरच्या ठरावीक आवृत्तीतच चालणारं पान. त्याचं प्रशिक्षण म्हणजे बऱ्याचदा सभागृहातली दोन तासांची चित्रफीत. शिवाय जी माणसं ‘शिकत नाहीत’ असं म्हटलं जातं, तीच माणसं घरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि भाजीवाल्याला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतात. तिथे त्यांना वर्गात बसावं लागलं नाही.

‘विनोदाने कोणाचं काय बिघडतं? ताण तेवढा हलका होतो,’ हा शेवटचा बचाव. आपसात हसून ताण हलका करणाऱ्याशी भांडण नाही. भांडण आहे ते हसण्यालाच निदान समजणाऱ्या कारभाराशी, कारण त्याने काय बिघडतं याची उदाहरणं लहान नाहीत.

११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज सावकारांना पाठवायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. व्यवहार ज्या प्रणालीवर झाला ती ‘फ्लेक्सक्यूब’, मूळची मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीची, आता ओरॅकलची. मुद्दल बाहेर जाऊ नये यासाठी पडद्यावरच्या तीन चौकटींत खूण करायला हवी होती. एकाच चौकटीत केली गेली. व्यवहार भरणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तिघांनी पडदा पाहिला, आणि तेवढी खूण पुरेशी आहे असं तिघांनाही वाटलं. तिघांचंही हेच काम होतं. सावकारांनी सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला नकार दिला. खालच्या न्यायालयाचा निकालही त्यांच्याच बाजूने लागला, आणि तो फिरायला सप्टेंबर २०२२ उजाडलं. तीन अनुभवी माणसं एकाच ठिकाणी एकसारखी चुकली, तर दोष कोणाच्या डोक्यात शोधायचा?

ब्रिटनच्या टपाल खात्यात तर पैशांपेक्षा मोठं नुकसान झालं. १९९९ पासून तिथल्या टपाल कार्यालयांत फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली गेली. गावोगावच्या उपपोस्टमास्तरांना हिशेबात न समजणारी तूट दिसू लागली. त्यांनी मदतीच्या क्रमांकावर फोन केले. अनेकांना उत्तर मिळालं : ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. जो हॅमिल्टन या बाई मदतनिसाच्या सूचनेप्रमाणे कळा दाबत गेल्या आणि दोन हजार पौंडांची तूट त्यांच्या डोळ्यांदेखत चार हजारांची झाली. डॅलमेलिंग्टन या गावात पडदा पुढे सरकेना म्हणून एंटर पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि आठ हजार पौंडांची एकच रक्कम चार वेळा जमा झाली. वीस वेळा प्रिंटचं बटण दाबणारा आपला कारकून इथे आठवावा. तोच हात, तोच अडकलेला पडदा.

फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये त्या हातावर खटला भरला गेला. ९००हून अधिक माणसं चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. प्रणालीत दोष आहेत हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केलं, एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा रद्द झाली आणि मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. चौकशी आयोगाच्या २०२५च्या अहवालानुसार या प्रकरणामुळे किमान तेरा जणांनी जीव दिला असावा. ‘अडचण खुर्ची आणि कीबोर्ड यांच्या मध्ये आहे’ हा विनोद एका देशाच्या टपाल खात्याने वीस वर्षं गांभीर्याने घेतला, त्याचा हा हिशेब आहे.

म्हणून प्रत्येक कार्यालयाकडे काही साध्या मागण्या करायला हव्यात. मदत मागणाऱ्याच्या हातातून माउस काढून घेऊ नये. करून दाखवण्याऐवजी त्याच्या हातून करून घ्यावं. ‘काही दिसलं का पडद्यावर?’ असं विचारून ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं. तिकीट ‘वापरणाऱ्याची चूक’ या शेऱ्याने बंद करण्याची सोय काढून टाकावी. एकच प्रश्न तीन टेबलांवरून आला, तर चौथ्या टेबलावर समजवायला न जाता तो पडदा बनवणाऱ्याकडे पाठवावा. नवी प्रणाली लागू करण्याआधी निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या अव्वल कारकुनाला तिच्यापुढे बसवावं, आणि ती बनवणाऱ्यांनी मागे उभं राहून, एक अक्षर न बोलता, तो कुठे थांबतो ते पाहावं.

हे शेवटचं काम चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ॲपलमध्ये झालं आहे. ‘लिसा’ हा संगणक तयार होत असताना लॅरी टेस्लर यांनी नवख्या माणसांना त्याच्यासमोर बसवलं. पडद्यावर ‘कॅन्सल’ आणि ‘डू इट’ अशी दोन बटणं होती. एक गृहस्थ दरवेळी वैतागून ‘कॅन्सल’च दाबत. कारण विचारलं तेव्हा ते चिडून म्हणाले, की हा संगणक मला ‘डोल्ट’, म्हणजे ठोंब्या, का म्हणतो आहे? ‘डू इट’मधलं अंतर इतकं कमी होतं, की रोमन अक्षरांत ते एकच शब्द म्हणून वाचलं जात होतं. त्या गृहस्थांना कोणी प्रशिक्षणाला पाठवलं नाही. बटणावरचे शब्द बदलले गेले, आणि त्यांच्या जागी आलं ‘ओके’.